संशय कुणाच्या वाट्याला?

माझे अब्बा तेंदूपानाच्या हंगामात फडीमुन्शी म्हणून जात. एटापल्लीहून गट्ट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सूरजागडच्या डोंगराच्या आसपास जी माडियांची गावे आहेत, त्यांपैकी कुठल्या तरी गावाचा फड त्यांच्याकडे असे. मे महिन्यात पहाटेच माणसे जंगलात शिरत, दुपारी पाने घेऊन परत येत, सत्तर पानांचा एक असे पुडे बांधत आणि संध्याकाळी फडावर मोजून देत. मोजणी संपली की मुन्शीला काम उरत नसे. मग अब्बा कंदिलाची काच पुसून पत्र्याच्या पेटीतून 'जासूसी दुनिया'चा एखादा जुना अंक बाहेर काढीत. कंदिलाभोवती बसलेल्या माणसांना उर्दू येत नव्हते. अब्बा दोन पाने मनात वाचत आणि तेवढा भाग मोडक्यातोडक्या माडियात, अडले तिथे हिंदीत, सांगून टाकत. कर्नल फरीदी हे नाव मी प्रथम ऐकले ते या तिसऱ्याच भाषेत.

आमचे घर सूरजागडचे. आजोबा लाकूडतोडीच्या ठेकेदाराबरोबर आले आणि इथलेच झाले. मी चंद्रपूरला मामूंकडे राहून उर्दू माध्यमात शिकले, बी.एड. केले आणि आता जिल्ह्याबाहेरच्या एका उर्दू शाळेत शिकवते. सुट्टीत घरी आले की ती पत्र्याची पेटी उघडते. हा लेख त्याच पेटीशेजारी बसून लिहिला आहे. बाहेरून लोहखनिजाच्या ट्रकांचा आवाज येत असतो, त्याला आता कुणी मान वर करून पाहत नाही.

रहस्यकथांविषयी गंभीरपणे लिहायचे म्हटले की आपल्याकडे लोक हसतात. बी.एड.च्या वर्गात आवडत्या लेखकाचे नाव विचारले तेव्हा मी इब्ने सफी म्हटले, आणि शिकवणाऱ्यांनी पुढच्या मुलीकडे बोट केले. त्यांचे सारेच चुकले असे मी म्हणत नाही. एका बैठकीत वाचून दुसऱ्या बैठकीत विसरण्यासारख्या रहस्यकथा ढिगाने निघाल्या आणि मीही त्या ढिगाने वाचल्या. पण इतक्या वाचल्यावर माझ्यापुरती एक कसोटी हाती लागली आहे. खून कुणी केला यापेक्षा लेखक मला कुणाचा संशय घ्यायला लावतो आणि शेवटी त्या संशयाचे काय करतो, हे मी पाहते. रहस्यकथेचा सगळा धंदा संशयाचा आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लेखक संशय वाटत सुटलेला असतो. तो कुणाच्या वाट्याला किती आला, याचा हिशेब वाचकाने मागायला हवा, एवढेच माझे म्हणणे.

सुरुवात अर्थात इब्ने सफीपासून. खरे नाव असरार अहमद, जन्म १९२८ चा, अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावचा. उर्दूत केवळ चावट मजकूरच खपतो असे कुणी तरी बैठकीत म्हणाले आणि या तरुणाने ते खोटे पाडून दाखवायचे ठरविले, अशी हकिगत सांगतात. अब्बास हुसैनी हे प्रकाशक मिळाले आणि मार्च १९५२ मध्ये 'जासूसी दुनिया'चा पहिला अंक 'दिलेर मुजरिम' अलाहाबादेत निघाला. (अगाथा ख्रिस्तीचे 'माउसट्रॅप' हे नाटक लंडनच्या रंगभूमीवर आले तेही त्याच वर्षी, नोव्हेंबरात. खुनी कोण हे बाहेर सांगू नका, अशी विनंती त्या नाटकाच्या प्रेक्षकांना करण्याची प्रथा आहे. आमच्या कंदिलाभोवती ती टिकली नसती.) त्याच वर्षी इब्ने सफी कराचीला गेले, पण पुस्तके दोन्ही देशांत निघत राहिली. १९५५ मध्ये 'खौफनाक इमारत'पासून इमरानची मालिका सुरू झाली. दोन्ही मालिका मिळून अडीचशेच्या आसपास कादंबऱ्या. मधली तीनेक वर्षे मानसिक आजारात गेली. त्यातून उठून १९६३ मध्ये त्यांनी 'डेढ मतवाले' दिली. २६ जुलै १९८० रोजी कराचीत त्यांचे निधन झाले.

त्या आजाराच्या काळात बाजारात एन. सफी, नजमा सफी असे बरेच सफी उगवले. अब्बांच्या पेटीत असे दोन नकली अंक आहेत. खरा-खोटा कसा ओळखायचा, असे मी विचारले तेव्हा अब्बा म्हणाले, ''हमीदच्या विनोदावर हसू आले नाही तर समजायचे, नकली आहे.'' समीक्षेची याहून सोपी कसोटी मला अजून सापडलेली नाही.

अहमद कमाल फरीदी हा नवाबाचा मुलगा. पैसा भरपूर, तरी पोलीस खात्यात नोकरी करतो, दारूला शिवत नाही, लाच घेत नाही, वरच्यांपुढे वाकत नाही. त्याचा सहायक हमीद चेष्टेखोर, बायकांमागे फिरणारा, बकरा पाळून त्याला बगरा खान म्हणणारा. इमरान याहून निराळा. तोंडावर मूर्खपणाचा मुखवटा, वडिलांनी घराबाहेर काढलेला, स्वयंपाकी सुलेमानशी रोज भांडणारा. त्याच्या हाताखालची माणसे ज्या अदृश्य 'एक्स-टू'ला थरथरतात, तो एक्स-टू हाच मूर्ख आहे, हे वाचकाला ठाऊक असते आणि त्यांना नसते. कथा घडते तो देश कोणता, हे लेखक सांगत नाही. त्यामुळे अलाहाबादचा वाचक आणि लाहोरचा वाचक दोघेही तो आपलाच समजत. आम्ही तर सूरजागडलाच समजत होतो.

आता जी गोष्ट सांगते, ती मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असते. याच कादंबऱ्या हिंदीत निघाल्या तेव्हा फरीदीचा झाला विनोद आणि इमरानचा झाला राजेश. हमीद मात्र हमीदच राहिला. जाडजूड, खादाड, हास्यास्पद कासिम हाही कासिमच राहिला. म्हणजे विचार करणारा, हुकूम देणारा, शेवटच्या प्रकरणात उभा राहून सगळ्यांना सत्य ऐकविणारा माणूस विनोद, आणि त्याच्या मागे विनोद करीत फिरणारा हमीद. मी हे प्रथम पाहिले ते चंद्रपूरच्या एका रद्दीच्या दुकानात. हिंदी पॉकेटबुक होते. कथा ओळखीची, संवाद ओळखीचे, पण मुख्य माणूस अनोळखी. सोळा वर्षांची होते. राग आला नाही, कुणी तरी आपल्या घरातल्या खुर्चीवर बसले आहे असे वाटले.

प्रकाशकाची बाजू मला समजते. त्याला खप हवा होता आणि हिंदी वाचकाला नायक आपल्यातला वाटावा, असे त्याने पाहिले. त्यात द्वेष असेलच असे नाही. पण बदल कुणाचा केला आणि कुणाचा नाही, हे पाहा. वाचक मुसलमान चेष्टेखोर खपवून घेईल, मुसलमान खादाड खपवून घेईल. सगळ्यांची झडती घेणारा, सगळ्यांना प्रश्न विचारणारा मुसलमान मात्र तो खपवून घेणार नाही, असा अंदाज कुणी तरी बांधला होता. तो अंदाज वाचकांनी खोटा पाडला असता की खरा ठरविला असता, याची परीक्षाच झाली नाही. पुढे, २०११ मध्ये शम्सुर रहमान फारूकी यांच्यासारख्या मोठ्या समीक्षकाने चार कादंबऱ्या इंग्रजीत नेल्या तेव्हा फरीदी फरीदी म्हणूनच गेला, त्याला नाव बदलावे लागले नाही.

आमच्या घरात या पुस्तकांना विरोध होता तो दादीचा, आणि तो वाङ्मयीन नव्हता. 'जासूस' हा शब्दच तिला खपत नसे. सूरह हुजुरातमध्ये फाजील संशय घेऊ नका आणि लोकांची गुपिते हुंगत फिरू नका, असा स्पष्ट हुकूम आहे. तिथे जो 'तजस्सुस' मना केला आहे, त्याच धातूपासून 'जासूस' झाला. दादीला लिहितावाचता येत नव्हते, पण एवढे तिला पक्के माहीत होते. (हाच शब्द मराठीत 'जासूद' होऊन आला आणि पेशव्यांची पत्रे घेऊन धावला, हे मला फार उशिरा कळले.) अब्बा तिला सांगत की फरीदी जिवंत माणसाच्या घरात डोकावत नाही, तो मेलेल्याच्या वतीने विचारतो. दादीला हे पटत नसे. मला पटे. आता वाटते, दादीचे म्हणणेही इतक्या सहज सोडून द्यायला नको होते.

कारण आमच्या भागात 'खबऱ्या' हा शब्द पुस्तकातला नाही. कित्येक वर्षे असे होत आले की रात्री कुणाला तरी घरातून उठवून नेत, सकाळी रस्त्यात प्रेत सापडे आणि त्यावर एक पत्रक असे. पोलिसांचा खबऱ्या होता म्हणून मारला, एवढाच मजकूर. रहस्यकथेत प्रेत पहिल्या प्रकरणात आणि खुलासा शेवटच्या प्रकरणात येतो. इथे खुलासा प्रेताच्या छातीवरच ठेवलेला असे आणि पुढे प्रकरणच नसे. कोण आले होते, असे विचारणारा उद्याचा खबऱ्या. त्यामुळे कुणी विचारत नसे. दुसऱ्या बाजूने, दिवसा येणाऱ्या वर्दीवाल्यांच्या नजरेत ज्याच्याकडे रात्री जेवण झाले, तो त्यांचा माणूस. अब्बांसारखा फडीमुन्शी तर दोघांच्याही यादीत. पैसा फडावरून जातो, माणसे फडावर जमतात, मग मुन्शीला ठाऊक नसेल असे काय असणार? शिवाय पुडे मोजताना मुन्शी चोरी करतो, हा गावाचा संशय वेगळाच. डिसेंबर २०१६ मध्ये सूरजागडच्या खाणीवर सत्तरहून अधिक वाहने जाळली गेली, त्यानंतर कित्येक दिवस आमच्या घरी माणसे येऊन एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारत होती. अब्बा म्हणत, मी दुकानात होतो. ते खरेच दुकानात होते. ते दिवस आता मागे पडत चालले आहेत, तरी रात्री कुत्री भुंकली की अब्बा अजून आधी दिवा मालवतात.

अशा घरात रहस्यकथा वाचणे म्हणजे मनोरंजन होते का? होते, जरूर होते. फरीदी येतो तेव्हा तो ज्यांना प्रश्न विचारतो ती माणसे दुसऱ्या दिवशीही जिवंत असतात, ही आमच्यासाठी त्या कथेतली सर्वांत रमणीय कल्पना होती.

रंगभूमीकडे वळते. आमच्या गडचिरोलीला नाटक म्हणजे झाडीपट्टीचे. दिवाळीनंतर वडसा गावात नाटक कंपन्यांची लगबग सुरू होते, शंकरपट, मंडई यांच्या निमित्ताने गावोगावी मंडप पडतात आणि रात्री दहा-अकराला उघडलेला पडदा पहाटे पडतो. या रंगभूमीवर आयुष्य घालविणारे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या शाळेतल्या शिक्षकांना झाडीपट्टी म्हणजे काय, हे मला सांगावे लागले. वडशाला आमच्या एका फुफूचे घर होते, तिथे मी लहानपणी थंडीत घोंगडी घेऊन अशी नाटके पाहिली. त्यांत रहस्य असते, पण रहस्यकथेच्या उलट्या पद्धतीने. खलनायकाने दुधात विष कालविलेले साऱ्या मंडपाला दिसते, फक्त नायिकेला दिसत नाही. मग बायका खालून ओरडतात, ''पिऊ नको बाई!'' एकदा एका म्हाताऱ्याने चप्पल हातात घेऊन रंगमंचाकडे धाव घेतली होती. संशय वाटायला इथे जागाच नाही, सगळ्यांना सगळे ठाऊक. मोठी झाल्यावर मी या नाटकांना नाके मुरडली. आता तसे करीत नाही. साऱ्या गावाने पाहिलेले आहे आणि तरी ज्याने ऐकायला हवे त्याच्यापर्यंत आवाज पोचत नाही, हा अनुभव आमच्याकडे अगदीच नाटकी नाही.

शहरी रंगभूमीवर हाच डाव आचार्य अत्रे यांनी न्यायालयात मांडला. 'तो मी नव्हेच'चा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला. फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका यांविषयी इतके लिहिले गेले आहे की मी त्यात भर घालत नाही. मी ते चित्रफितीवर पाहिले. आरोपी कोण, हे पहिल्या प्रवेशापासून उघड असते, सुटतो की सापडतो एवढाच प्रश्न. माझे लक्ष नावांकडे गेले. हा ठक बायकांना फसवितो तो कुठल्या नावांनी? कॅप्टन परांजपे, दाजीशास्त्री दातार, राधेश्याम महाराज. लष्कर, शास्त्र आणि अध्यात्म. ज्या नावांवर संशय घेणे पाप, अशीच नावे त्याने निवडली. आणि पकडले गेल्यावर लपायला निवडले ते निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याचे साधे नाव, लखोबा लोखंडे. माझ्यासारख्या गरीब व्यापाऱ्याला ही मोठी माणसे कशी माहीत असणार, हा त्याचा बचाव. अत्रे यांनी हे प्रत्यक्षातल्या माधव काझी खटल्यावरून घेतले. पण नावांचा बाजारभाव असा उघडा करणे ही नाटककाराचीच कमाई. लोक लखोबाला टाळ्या देतात. मला मात्र दर वेळी त्या बायका आठवतात. कॅप्टनसाहेबांवर संशय कसा घ्यायचा, हे त्यांना कुणी शिकविलेलेच नव्हते.

पडद्यावरची माझी आवडती रहस्यकथा म्हणजे राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४). जयंत देवकुळे यांच्या कथेवरचा हा चित्रपट, पुढे राज खोसला यांनी १९६६ मध्ये त्याचाच 'मेरा साया' केला. वकिलाची बायको त्याच्या हातांवर प्राण सोडते. काही काळाने डाकूंच्या टोळीतली म्हणून पकडलेली एक बाई न्यायालयात म्हणते, मीच त्याची बायको. तोच चेहरा. आणि वकील नवरा तिची उलटतपासणी घेतो. संसारातल्या खासगी गोष्टी तिला भर न्यायालयात सांगाव्या लागतात, आणि जितके अचूक सांगते तितका संशय वाढतो, कारण इतके अचूक कुणी तरी पढवल्याशिवाय कसे सांगता येईल? खुलासा जुळ्या बहिणीचा आहे आणि खरे सांगायचे तर तो साधाच आहे. चित्रपट उभा आहे तो खुलाशावर नव्हे, मधल्या त्या दीड तासावर. आपण आपणच आहोत, हे सिद्ध करण्याची जबाबदारी जिच्यावर पडली आहे त्या बाईने करायचे काय? गेल्या काही वर्षांत कागदपत्रांच्या पिशव्या सांभाळत बसलेल्या आपल्या घरांतल्या बायकांना हा चित्रपट पुन्हा दाखवावा, असे मला फार वाटते.

त्याच्या शेजारी यश चोप्रा यांचा 'इत्तेफाक' (१९६९) ठेवते. गुजराती नाटकावरून घेतलेला, एकही गाणे नसलेला, बहुतेक एकाच घरात एका रात्रीत घडणारा. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) बायकोच्या खुनाचा आरोप असलेला, वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला राजेश खन्ना पावसात नंदाच्या घरात शिरतो. प्रेक्षकाची भीती तिच्यासाठी असते. वेडा म्हणून ज्याच्यावर शिक्का बसला आहे, त्याने सांगितलेले खरे कोण मानणार? आणि प्रेत तर त्या सभ्य घरातच असते. हा चित्रपट मी चार वेळा पाहिला. प्रत्येक वेळी खुलासा माहीत असूनही सुरुवातीचा अर्धा तास माझी सहानुभूती नंदाकडेच जाते. शिक्क्याची ताकद म्हणतात ती हीच.

बासू चॅटर्जी यांचा दूरदर्शनवरचा 'व्योमकेश बक्षी' १९९३ चा, माझ्या वयाच्या लोकांनी पुनःप्रक्षेपणात पाहिला. शरदिंदू बंदोपाध्याय यांचा हा नायक स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घ्यायला तयार नाही, सत्यान्वेषी म्हणा म्हणतो. दादीला हा शब्द आवडला असता. पहिल्याच कथेत मेसमधल्या सगळ्यांचा ज्याच्यावर भरवसा, तो होमिओपॅथीचा डॉक्टर गुन्हेगार निघतो. संशयाचे वाटप कसे उलटवावे, याचा तो नमुना आहे.

याउलट नव्वदीनंतरच्या कितीतरी हिंदी चित्रपटांत खुलाशाची वाट पाहावीच लागत नसे. डोळ्यांत सुरमा, गळ्यात ताईत, गालावर दाढी, मागे अजानचा आवाज, की प्रेक्षक समजून चुकला. असे चित्रपट अन्यायकारक आहेत, हे आपण सभांतून बोलतोच. रहस्यकथेची वाचक म्हणून माझी तक्रार आणखी एक आहे, ते कंटाळवाणे आहेत. ज्याच्यावर संशय आहे तोच गुन्हेगार निघणार असेल तर मी तिकीट कशाचे काढले?

मराठी पुस्तकांविषयी थोडक्यात लिहिते, कारण माझे वाचन तिथे तुटक आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि महाराष्ट्राला वाचायला लावले, हे ऋण मोठे. त्यांचे झुंजार आणि काळापहाड वेगाने पळतात, पण संशयाच्या सूक्ष्म खेळात लेखक फार रमत नाही, सज्जन आणि दुर्जन लौकर वेगळे होतात. सुहास शिरवळकर मला जवळचे वाटले ते एका साध्या कारणाने. त्यांच्या नायकांत अमर विश्वास आणि मंदार पटवर्धन यांच्या बरोबरीने फिरोझ इराणी आणि दारा बुलंद आहेत. मराठी पुस्तकात असले नाव शोध घेणाऱ्याच्या बाजूने उभे असलेले मी प्रथम तिथे पाहिले. शिरवळकरांनी त्याचा गाजावाजा केला नाही आणि मराठी वाचकानेही त्यांना विनोद करून मागितले नाही.

आता इब्ने सफींचा हिशेबही मागायला हवा. माझा प्रिय लेखक म्हणून तो चुकवता येणार नाही. त्यांच्याकडे विद्रूप माणूस फार वेळा दुष्ट निघतो. चिनी वळणाचा सिंग ही हा खलनायक म्हणजे पाश्चात्त्य स्वस्त कादंबऱ्यांतला भयंकर पौर्वात्यच आहे. इमरानचा आफ्रिकी अंगरक्षक जोसेफ निष्ठावान खरा, पण दारू आणि भुताखेतांच्या भीतीपलीकडे त्याला मन दिलेले नाही. आणि जिथे कथा रानात शिरते तिथे रानातली माणसे बहुधा भाले घेऊन ओरडणारा जमाव असतात. अब्बा असली पाने माडिया श्रोत्यांना कशी सांगत असतील? मी एकदा विचारले. म्हणाले, ''ती पाने मी गाळत होतो.'' ज्या लेखकाने मला शोध घेणाऱ्याच्या खुर्चीत बसवले, त्याने माझ्या शेजाऱ्याला संशयितांच्या रांगेतच ठेवले होते.

हे मला कळले ते पुस्तकातून नव्हे, वर्गातून. दोन वर्षांपूर्वी नववीच्या मुलांना मी एक गोष्ट अर्धी सांगितली. लग्नघरातून दागिने गेले. घरात चार बाहेरची माणसे होती. शहरातून आलेले डॉक्टर, नवऱ्या मुलाचा सावकार काका, ड्रायव्हर करीम आणि लाकडे फोडायला आलेला एक माडिया तरुण. कुठलाही पुरावा मी दिला नव्हता. चोर कोण ते लिहा आणि कारण द्या, एवढेच सांगितले. उर्दू शाळेतली, झाडून सारी मुसलमान घरांतली मुले. बऱ्याच जणांनी लिहिले माडिया. त्यानंतर नंबर करीमचा. डॉक्टरावर संशय घेतला तो एकट्या मुलीने, कारण तिला इंजेक्शनची भीती वाटत होती. करीम का, असे एका मुलाला विचारले तर तो म्हणाला, ''मॅडम, टीव्हीवर तोच असतो ना.'' त्याचे स्वतःचे नाव अब्दुल करीम.

मी त्याला रागावले नाही. गोष्ट रचताना चौघांत हे दोघे मीच घातले होते आणि लाकडे फोडायला माडियालाच बोलावले होते, काकांना नाही.

शेवटी पेटीतल्या एका अंकाविषयी. त्याचे नाव सांगत नाही, कारण गुन्हेगार कोण ते सांगणार आहे. हा अंक वाळवीने शेवटून खाल्ला. शेवटची वीस-बावीस पाने गेली. अब्बांना तो पाठ नव्हता, पण फडावर मागणी त्याचीच फार. म्हणून शेवट ते स्वतः जुळवून सांगत आणि दर हंगामात निराळा सांगत. कधी वकील गुन्हेगार, कधी बँकेचा मॅनेजर, एकदा तर खुद्द मेलेला माणूसच. कथेत एक म्हातारा हिशेबनीस आहे. सगळ्या खुणा त्याच्याकडे जातात, चावी त्याच्याकडे, रात्री दिवा त्याच्याच खोलीत. अब्बांच्या कुठल्याही शेवटात तो कधी सापडला नाही. श्रोत्यांपैकी कुणी तरी दरवर्षी म्हणे, ''मुन्शी, चोर तो हिशेबवालाच आहे,'' आणि सगळे हसत, अब्बाही हसत.

गेल्या वर्षी नागपूरला मोमिनपुऱ्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला त्या अंकाची पूर्ण प्रत मिळाली. तिथेच उभी राहून शेवट वाचला. गुन्हेगार हिशेबनीसच होता.

ती प्रत माझ्या कपाटात आहे. अब्बांना अजून दाखविलेली नाही.